लेकीची बुरशी

प्रयोगशाळेत सगळे तिला बुरशीमावशी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही खुशाल ओ देई. घरी लिंबावर एवढासा डाग दिसला की नाक मुरडून फेकून देणारी ही बाई इथे मात्र बुरशीला तळहाताच्या फोडासारखं जपायची.

तिचं खरं काम काचेची भांडी धुण्याचं. लेक शिकली, त्याच प्रयोगशाळेत संशोधनाला लागली आणि आईनं धुतलेल्या भांड्यांत प्रयोग करू लागली. "आई, नीट घास हं, नाहीतर माझी पदवी अडकेल," म्हणून चिडवायची. कुजक्या ओंडक्यावरून खरवडून आणलेली एक बुरशी तिनं वाढवली होती. त्या बुरशीत एक एन्झाइम होतं. औषधाच्या रेणूला एका ठरावीक जागी ऑक्सिजन जोडायचा असतो. जहाल रसायनं दिसेल तिथं तो चिकटवतात आणि सगळा विचका करतात. हे एन्झाइम मात्र नेमकी तीच जागा धरायचं, बाकी रेणूला धक्का लावायचं नाही. "तू कशी सदऱ्याला बटण हवं तिथंच लावतेस, तसं," लेकीनं जेवता जेवता समजावलं होतं. आईला अर्धं कळलं, पण अभिमान पुरता वाटला.

मग लेक आजारी पडली. चार महिन्यांत होत्याचं नव्हतं झालं. सव्वीस वर्षांची होती.

मावशी कामावर परतली ती थेट फ्रीजपाशी गेली. लेकीच्या बुरशीच्या तीन नळ्या तिथं होत्या. नळीतली बुरशी फार दिवस टिकत नाही. दर तीन महिन्यांनी कणभर उचलून ताज्या खाद्यावर लावावी लागते. तार ज्योतीवर लाल करायची, निवू द्यायची, कण उचलायचा. लेकीनं एकदा हौसेनं शिकवलं होतं तेवढंच. मावशीनं ते काम कुणाला न विचारता अंगावर घेतलं आणि अकरा वर्षं एकदाही चुकवलं नाही. पाय मोडला तेव्हा कुबड्या घेऊन आली. दुसऱ्या कुणी नळीला हात लावला तर त्याची खैर नसे.

यंदा लेकीची जुनी मैत्रीण प्रयोगशाळेची प्रमुख झाली. सगळे तिला डॉक्टरबाई म्हणत. ती म्हणाली, "मावशी, तिची बुरशी पुन्हा कामाला लावू. जमलं तर औषधाच्या कागदांवर तिचं नाव येईल." मावशीला त्या दिवशी आनंदानं घास गिळवेना.

चार दिवस रेणू बुरशीबरोबर ठेवला. यंत्रातून कागद आला. घातला होता तसाच रेणू बाहेर आला होता, ऑक्सिजनचा पत्ता नाही. तीनदा करून पाहिलं, बुरशी ढिम्म. गोठवून ठेवलेल्या मूळ कुप्या शीतपेटी बिघडली तेव्हाच वाया गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या फक्त मावशीच्या नळ्या.

"मावशी, लावताना कुठला भाग उचलता तुम्ही?"

"चांगला असेल तोच ग. पांढराशुभ्र, गुबगुबीत. सुरुवातीला काही तपकिरी, किडकिडीत धागे असायचे. ते मी कधी घेतले नाहीत. पुढं यायचेच बंद झाले."

डॉक्टरबाईनं हातातला कागद खाली ठेवला.

"काय ते सांगून टाक," मावशी म्हणाली.

"एन्झाइम ते तपकिरी धागेच बनवत असणार, मावशी. सगळी ताकद त्यात जायची, म्हणून अंग धरत नव्हते. पांढरे नुसते खाऊन वाढले."

"म्हणजे मीच निवडून निवडून घालवली."

"असं नका म्हणू. तुम्ही नसता तर एवढीही उरली नसती." खरं होतं ते, पण मावशीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आईनं अशक्त पोर टाकून धट्टंकट्टं तेवढं घरात घ्यावं, तसं आपण केलं, हे तिच्या मनातून जाईना.

कुठंतरी एखादा तपकिरी धागा लपला असेल, या आशेवर तिनं बारा बशांत बुरशी पसरून लावली. रोज भिंग घेऊन डोळ्यांत तेल घालून पाहायची. दहाव्या दिवशी डॉक्टरबाई शेजारी येऊन उभी राहिली. "कशा आल्यात?"

बाराच्या बारा बशा काठोकाठ भरल्या होत्या. कुठं डाग नाही, कुठं खोट नाही.

"छान आल्यात ग," मावशी म्हणाली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हंबरडा फोडून रडली.