पार्सल पोचलं नाही तर

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. रायपुरात शंकर नगरात परदेशी पार्सलं पाठवायचं एक छोटं ऑफिस आहे, तिथं मी बारा वर्षांपासून काउंटरवर बसते. इतक्या वर्षांत मी कोणाकोणावर खेकसले, ते मलाही सांगता येणार नाही. पण लोकही तसेच येतात ना! आधार कार्ड घरी विसरतात. अमेरिकेचा पत्ता तोंडपाठ सांगतात, फक्त पिन कोड सोडून. लोणच्याची बरणी नुसती पिशवीत गुंडाळून आणतात आणि वरून म्हणतात, "दीदी, तेल नहीं निकलेगा, गारंटी है." मी म्हणते, भैया, ती गॅरंटी विमानवाल्यांना द्या, मला काहून देता?

काम तसं ठरलेलं. सामान एकेक काढून पाहायचं, जाणारं इकडे, न जाणारं तिकडे. मग पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, तळाला फुग्यांचं प्लास्टिक अंथरायचं, कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबायचे. खोका बंद करून कानाजवळ हलवायचा, आत काही वाजलं की परत उघडायचा. त्यानंतर कागद. आत काय आहे, किती नग, कशाचं बनलं आहे, किंमत किती, विकायला नाही तर भेट म्हणून चाललं आहे, असं सगळं लिहून खाली पाठवणाऱ्याच्या सह्या. माझ्या हातचा खोका वाटेत फुटला अशी तक्रार आजवर आली नाही. त्याचा मला फार तोरा होता.

काका आले ते दसऱ्याच्या आधी. हातात कापडी पिशवी, ती पोटाशी धरलेली. तात्यापाऱ्यात राहणारे, रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे अमरावतीकडचे. मी कोणावर तरी मराठीत पुटपुटले ते त्यांनी ऐकलं आणि चेहरा एकदम उजळला.

"तुमी मराठी आहे काय? मंग बरं झालं बाप्पा, सगळं नीट सांगता येते."

आणि सांगितलं हो त्यांनी सगळं! मागे सहा माणसं उभी, पण काका आपले निवांत. मुलगी कॅनडात. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आता कुठं दिवस गेले होते. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या. आजारपणाच्या शेवटच्या वर्षात पलंगावर बसून त्यांनी नातवंडासाठी कपडे शिवून ठेवले होते, तेव्हा नातवंडाचा पत्ताही नव्हता. शेजारपाजारच्या बायका म्हणत, कशाला जीवाला त्रास करून घेता? तर त्या म्हणायच्या, "यायचं ते येईल. तवा मी नसली तर कोण शिवंल?"

काकांनी पिशवीतून एकेक काढून काउंटरवर मांडलं. सहा झबली, चार दुपटी, तीन टोपरी. आणि एक कुंची, हिरव्या खणाची, आतून मऊ मलमल, कडेनं बारीक मणी. एका बाजूचे मणी सरळ रांगेत होते, दुसऱ्या बाजूचे वाकडे.

"हे पाह्य, इथपर्यंत चांगली होती ते. इथून पुढं हात थरथरत होता तिचा," काका बोट फिरवत म्हणाले.

"काका, नुसते नग सांगा. मागं लाइन आहे."

"नग?" ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मोजू लागले.

सगळ्यात शेवटी त्यांनी खिशातून चपटी डबी काढली. तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. बायको नाही म्हणून हे त्यांनी स्वतः धरलं होतं, बोटांना काळं लागलं होतं अजून. मी डबी परत त्यांच्याकडे सरकवली. घरचं काजळ जात नाही. त्याच्यावर कोणाचं नाव नाही, आत काय घातलं ते लिहिलेलं नाही. "एवढ्याशा डबीपायी अख्खा खोका अडकंल काका, मग मला म्हणू नका," असं मी चांगलं ठणकावून सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं डबी खिशात ठेवली. मी कपडे खोक्यात रचले, टेपचं नवं बंडल आणायला आतल्या खोलीत गेले, येऊन खोका बंद केला, कानाजवळ हलवून पाहिला. काही वाजलं नाही.

आता फॉर्मचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे.

त्या फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न असतो. पार्सल पोचलं नाही तर काय करायचं? पुढे दोन चौकोन. एक, परत पाठवा. दुसरा, नष्ट करा. परत मागवलं तर परतीचं भाडं पाठवणाऱ्यालाच भरावं लागतं. खूप वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची चकली परत आली आणि त्या बाईनं भाड्यावरून काउंटरवर असा तमाशा केला की बस्स. त्या दिवशीपासून मी ठरवून टाकलं, झंझटच नको. कॉम्प्युटरमध्ये मी एक भरलेला फॉर्म ठेवून दिला, 'नष्ट करा'वर खूण केलेलाच. कोणी आलं की तो उघडायचा, नाव, पत्ता, सामान बदलायचं आणि छापायचा. तो प्रश्न मी कोणाला विचारतच नव्हते. चकली, चिवडा, कुर्ते, राख्या. नष्ट झाले तर झाले, कोणाचं काय जात होतं?

काकांनी चष्मा लावला. "वाचून पाहू का एक डाव?"

"काका, बारा वर्षं झाली मला इथं. भरवसा नाही का?"

ते ओशाळले बिचारे. "तसं नाही वो पोरी," म्हणत मी बोट ठेवलं तिथं तिथं त्यांनी सह्या केल्या.

मग दिवाळी आली. दिवाळीत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या रायपूरचा फराळ जणू आमच्याच दारातून परदेशी जातो. त्या गर्दीत काका दर दोन-तीन दिवसांनी यायचे. एकदा पेढे घेऊन आले. मुलगा झाला होता, पण तीन आठवडे आधीच. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, मुलगी आणि जावई दोघंही दवाखान्यातच होते. "घराले कुलूप आहे त्याईच्या. पार्सल कोण घेईल मंग?" त्यांनी बरोबर विचारलं होतं. मी पेढा तोंडात टाकला, स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही आणि म्हटलं, "येईल काका, रस्त्यात आहे. एवढी काय घाई?"

रस्त्यात नव्हतं ते. तिथल्या माणसानं दोनदा दार वाजवून खोका गोदामात नेऊन ठेवला होता. मी तेव्हा दोन ओळींचा मेल टाकला असता, थांबा म्हणून, तर ते थांबले असते. दोन ओळी! मी लोकांच्या चकल्या मोजत बसले होते.

दिवाळीनंतर एका सकाळी मला आठवण झाली, म्हणून नंबर टाकून पाहिला. दोनदा दार वाजवल्याची आणि गोदामात ठेवल्याची नोंद होती, खोका उघडल्याची नव्हती, आणि शेवटची ओळ होती, पाठवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे नष्ट केले. मी ती चार-पाच वेळा वाचली. पाठवणाऱ्याची कसली सूचना? सूचना माझी होती. 

आणि नेमके त्याच दिवशी काका आले. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हटलं, "काका, तिकडं अडकलं ते. त्यांनी नष्ट करून टाकलं."

काका काउंटरची कड धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "काजळ सापडलं असंल."

"कोणतं काजळ?"

"तू टेप आणाले आत गेली ना, तवा म्यां डबी कुंचीत गुंडाळून ठेवली. पोराले तीट लागते, म्हटलं. एवढीशी डबी कोण पाहते..."

खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. तो खोका कोणी उघडलाही नव्हता, हे मला ठाऊक होतं. कुलूपबंद घर आणि माझी खूण, याशिवाय काही कारण नव्हतं. तरी मी म्हटलं, आणि हळू नाही, चारचौघांत आवाज चढवून म्हटलं, "मी सांगितलं होतं ना काका तुम्हाला! ऐकत नाही तुम्ही लोक!"

त्यांनी हात जोडले. "माफ कर पोरी. तुह्या कामाले बट्टा लागला माह्यापायी."

मी ते जोडलेले हात पाहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आधार कार्ड मागितलं.

महिन्याभरानं ते पुन्हा आले, सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्स मागायला. काकूंनी शिवलेल्या कपड्यांची तेवढीच यादी उरली होती, ती त्यांना जवळ ठेवायची होती. निम्मे झाले होते काका. काजळाचं त्यांनी मुलीला स्वतःच सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, माझ्या आईच्या हातचं शेवटचं होतं बाबा, तुम्हाला एक गोष्ट ऐकता नाही आली? त्यानंतर तिनं फोन करणं बंद केलं. बारशाचे फोटोही जावयानं पाठवले. मी झेरॉक्स काढून दिली. त्या कागदावर तळाशी ती खूण होती, आणि माझं लक्ष तिथंच, आता वाचतील, आता विचारतील. त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

त्याच दुपारी मी कॉम्प्युटरमधला तो फॉर्म पुसला. आता प्रत्येकाला विचारते, पोचलं नाही तर काय करू? दोन-दोनदा विचारते. आमचे सेठ चिडतात, "अरे दीदी, इतना टाइम क्यों लगता है?" लागू दे. पण मी कितीही विचारलं तरी तात्यापाऱ्यातल्या त्या म्हाताऱ्याशी त्याची पोर बोलत नव्हती, आणि ती माझ्यामुळे बोलत नव्हती. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना हेच मनात. सांगू का? सांगितलं तर सेठ कामावरून काढेल. तक्रार झाली तर? असं करत करत मी हिवाळा घालवला. भित्री आहे मी. तोंड मोठं आणि छाती एवढीशी.

होळी झाल्यावर एका रविवारी संध्याकाळी गेले शेवटी. पत्ता माझ्याच फायलीत होता. काकांनी दार उघडलं, "अरे, पार्सलवाली बाई! ये, ये," म्हणाले, आणि मी चप्पल काढतानाच बोलायला सुरुवात केली. थांबले असते तर परत गेले असते. सगळं सांगितलं. चौकोन, खूण, गोदाम, मेल. काजळामुळे काही झालं नाही, खोका कोणी उघडलाच नाही, हेही सांगितलं.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. 

"म्हंजे वापस आलं असतं?"

"हो."

"कुंची इथं असती आज?"

"हो काका."

ते उठले, आत जाऊन पाणी प्याले, मलाही पेला आणून दिला. मग म्हणाले, "पण सही तं माहीच आहे ना त्याच्यावर. मी वाचणार होतो. तू म्हणाली, भरवसा नाही काय. म्हणून नाही वाचलं."

रागानं म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. ते नुसतं आठवून सांगत होते. मी तिथंच रडायला लागले. म्हटलं, "ओरडा ना माझ्यावर काका! आणि मुलीला फोन लावा, मी सांगते तिला. तुमची काही चूक नाही म्हणून सांगते."

"नको."

"काहून नको?"

"संक्रांतीपासून बोलून राहिली ते माह्याशी. म्हणे, झालं ते झालं बाबा. आता कुठं मन लागलं तिचं. आता तिले सांगू काय, का कुंची वापस आली असती म्हणून? पुन्हा रडंल पोट्टी, पहिल्यापासून. राहू दे माह्यावरच."

"पण चूक माझी आहे ना!"

"हव, तुहीच आहे," काका म्हणाले. "मले समजलं ना आता. बस झालं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तिकडची सकाळ, तिची रोजची वेळ. पडद्यावर एक गुटगुटीत पोर आईच्या मांडीवर उभं राहायचा प्रयत्न करत होतं. काका त्याच्याशी बोबडं बोलले, खूप हसले. मग मला काही कळायच्या आत त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "पाह्य, आपल्या पार्सलवाल्या ताई आल्या घरी."

मुलगी चेहऱ्यावरून दमलेली दिसत होती, पण गोड हसली.

"ताई, बाबांनी तेव्हा तुम्हाला खूप त्रास दिला ना? तुम्ही नाही म्हटलं असतानाही चोरून ठेवलं त्यांनी. त्यांच्या वतीनं मी सॉरी म्हणते हं."

फोनच्या मागून काका माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

मी म्हटलं, "नाही गं, त्रास कसला."