बावीस नंबरच्या फोटोत सुशीचे डोळे

मेलेल्या माणसांचे डोळे रंगवण्यात माझी अर्धी जिंदगी गेली. त्यामुळं भूतखेत, करणी, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मला आधी हसूच यायचं. आता मीच इथं लिहायला बसलेय तर तुम्ही हसा, माझी काही हरकत नाही... तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते. पण झालं ते जसंच्या तसं सांगते. पदरचं एक अक्षर घालणार नाही.

आधी त्या डोळ्यांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

अहमदपूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. माझी शाळा सातवीपर्यंतच. फोटोग्राफी मी आमच्या ह्यांचं बघून बघून शिकले. त्या काळी खेड्यापाड्यातल्या माणसाचा जन्मात एक फोटो निघायचा नाही. माणूस गेल्यावर घरच्यांच्या ध्यानात यायचं, अरे, भिंतीला लावायला फोटोच न्हाई! मग स्टुडिओला बोलावणं. मयताला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्याला पटका बांधायचे आणि हे फोटो काढायचे. डोळे अर्थातच मिटलेले. मग त्या प्रिंटवर बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे आणि रंगवलेल्या प्रिंटचा पुन्हा एकदा फोटो काढायचा, म्हणजे रंगाचं काम कळून येत नाही. हे डोळे रंगवायचं काम माझ्याकडं.

गंमत अशी की मला डोळे एकाच तऱ्हेचे यायचे! माहेरी दरवर्षी महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचे डोळे मीच रंगवायची, हात त्यावरच बसलेला. मोठे, लांबट, कानाकडं ओढलेले. बुबुळात पांढरा ठिपका... तोही कायम डाव्या अंगाला. मी डावखुरी, हात आपोआप तिकडंच जायचा. हे ओरडायचे, "अगं, उजेड उजवीकडून आलाय, ठिपका डावीकडं कसा?" मी म्हणायची, "मेलेल्याला कशाचा आलाय उजेड?"

तर आमच्या तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंतीवरून आजोबा, चुलते, सासवा... सगळे एकाच डोळ्यांनी बघतात. आमचा बापूसुद्धा. बापू म्हणजे माझे वडील. मी रंगवलेले पहिले डोळे त्यांचेच.

पुढं मोबाईल आले, स्टुडिओ बंद झाला, हेही गेले. कॅमेरा तेवढा मी कपाटात जपून ठेवला होता.

माझी लेक मनीषा पुण्याला नोकरी करते. तिला हल्ली जुन्या रोलच्या फोटोग्राफीचं वेड लागलंय. मागच्या उन्हाळ्यात आली ती एक रोल घेऊनच.

"आई, हा नवीन कलर रोल निघालाय. पुण्यातली पोरं कॉफीच्या कपांचे फोटो काढून काढून थकली. आपल्याकडच्या उन्हात रंग कसे येतात ते तू बघून सांग."

"मी? अगं, माझा हात थरथरतो आता."

"थरथरू दे. मीटर न बघता उजेड कळणारं दुसरं कोण आहे माझ्या ओळखीत?"

खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. रोल घातला. ह्यांची शिस्त होती, नवीन माल आला की पहिल्या रोलची वही ठेवायची. कितवा फोटो, कुणाचा, किती उजेड दिला, काय चुकलं. मीही वही घातली. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, हळदीची रास, शेजारणीची जांभळी साडी... असे वेगवेगळे रंग बघून बघून एकोणीस फोटो काढले. असं करता करता भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या आणि मी कॅमेरा पिशवीत टाकून हिमायतनगरला गेले, सुशीकडं.

सुशी माझी धाकटी बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. डोळे एवढेसे बारीक, हसली की नाहीसेच होणार. लहानपणी मी तिला चिंचोकी म्हणायची.

जेवणाच्या दिवशी दुपारी आरती झाली. सुशी हिरवी इरकल नेसलेली, नाकात नथ. मी तिला दाराच्या आत पाटावर बसवलं. उजेड उजवीकडून छान येत होता.

"अक्का, काढ की गं माय लवकर. सवाष्णी खोळंबल्यात."

"गप बस. हलू नको."

"तुझ्यापुढं बसायचं म्हणजे मेल्यावानीच बसावं लागतंय!"

तिची सून रेखा फसकन हसली. तेवढ्यात उदाचा धूर तिकडून वळला. मी बटण दाबायला आणि सुशीनं डोळे गच्च मिटायला एकच गाठ पडली.

"आई गं! धूर गेला. मिटले बघ माझे डोळे."

मी वहीत लिहिलं : बावीस. सुशी. डोळे मिटले. परत. मग तेवीस नंबरला दुसरा काढला. त्यात ती खळखळून हसत होती.

रोल संपवून मी मनीषाकडं पाठवून दिला. बारा-पंधरा दिवसांनी तिनं मोबाईलवर सगळे फोटो पाठवले आणि लगेच फोन केला. रंगाचं म्हणाल तर लाल फार भडक, मिरच्या पेटल्यासारख्या. हळद सुंदर. हिरवा थोडा निळ्याकडं झुकलेला. मी एकेक सांगून राहिले होते आणि ती मध्येच म्हणाली, "आई, बावीस नंबर बेस्ट आहे. मावशीचे डोळे काय आलेत!"

मला वाटलं, नंबर लिहिताना मीच चुकले. फोटो मोठा करून बघितला.

नंबर बरोबर होता. कडेला उदाचा धूर दिसत होता. डोळ्यात धूर गेल्यावर तोंड जसं आक्रसतं तसं सुशीचं तोंड आक्रसलेलं, नाकाला सुरकुत्या, ओठ ओढलेले... आणि त्या चुरगाळलेल्या तोंडात दोन मोठे, शांत डोळे सताड उघडे. लांबट. कानाकडं ओढलेले. नथीवरची चमक उजवीकडं, गालावरची चमक उजवीकडं, आणि बुबुळातला ठिपका डावीकडं.

स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखतो हो. स्वतःची शिवण ओळखू येते, स्वतःची भाकरी ओळखू येते. तसं ते मी ओळखलं.

"मनू, तू काही केलंस का गं ह्याला? मोबाईलमध्ये करतात तसलं?"

"नाही गं. लॅबकडून आलं तसंच पाठवलं. का?"

"काही नाही. निगेटिव्ह तेवढी कुरिअर कर."

निगेटिव्ह आली. ह्या रोलची पट्टी नेहमीसारखी तपकिरी नव्हती, फिकट जांभळट होती. खिडकीच्या उन्हात धरून ह्यांच्या भिंगातून बघितली. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं. दोन्ही डोळ्यांत काळे ठिपके, सुईच्या टोकाएवढे. तिरकी धरून बघितली, बोट फिरवून बघितलं. वर रंग नाही, ओरखडा नाही. कुणी हातच लावलेला नव्हता.

मनात आलं, ब्लेडनं खरवडून टाकावेत. ब्लेड हातात घेतलंसुद्धा. मग वाटलं, आपण इकडं डोळे खरवडायचो आणि तिकडं तिलाच काही व्हायचं... ब्लेड ठेवून दिलं आणि सुशीला फोन लावला.

"काय करून राहिलीस?"

"भेंड्या चिरून राहिले. का गं? दिवसातला हा तिसरा फोन. करमत न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. नांदेड, भोकर करत दुपारी हिमायतनगर. तिला म्हटलं, मला नांदेडला डॉक्टरला दाखवायचंय, सोबत चल, तुझंही बघून घेऊ. तिथं मी तिचं सगळं करायला लावलं. रक्त, शुगर, छातीची ईसीजीची पट्टी, एक्स-रे. डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, ह्यांचं हृदय चाळिशीच्या बाईसारखं आहे. बिनघोर घरी घेऊन जा." मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू... बाहेर आल्यावर मी तिला रसवंतीत नेऊन दोन ग्लास रस पाजला.

स्टँडवर गाडीची वाट बघत चहा घेत बसलो तर म्हणाली, "अक्का, आता खरं सांग. तुझी तपासणी तर तू केलीच न्हाई. मला कशापायी आणलंस?"

इथं मी खोटं बोलायला पाहिजे होतं. एवढी दुनिया बघितलेली बाई मी, एक साधी थाप मारता आली असती. स्वप्न पडलं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण डॉक्टरनं नुकतंच सगळं ठीक सांगितलेलं, जीव मोकळा झालेला... आणि एवढे दिवस एकटीनं पोटात ठेवलेलं. मी पिशवीतून मोबाईल काढला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं उन्हाला पाठ करून बघितलं.

"ही मी न्हाई."

"तूच हायस."

"नथ माझी हाय, लुगडं माझं हाय. डोळे आपल्या बापूचे हायेत." तिनं मोबाईल जवळ ओढला. "बापूचे बी न्हाईत. फोटोतल्या बापूचे. तू काढलेले."

मी मोबाईल परत पिशवीत टाकला.

"माझे तर मिटले होते की गं."

"हाव."

तिनं उरलेला चहा सावकाश संपवला. कप खाली ठेवला. "मंग, किती दिवस म्हणायचं?"

"तोंड सांभाळ, सुशे! डॉक्टर काय म्हणले ऐकलं न्हाईस? रोलातच काहीतरी खोट आसल. नवीन माल हाय."

"माल नवीन आसंल. हात तर तुझाच हाय." मग माझ्या मांडीवर थापटी मारून म्हणाली, "बरं झालं. पुढं हाच लावायला सांगते. दुसऱ्यात माझे दात लई दिसून राहिले."

आणि हसली. डोळे नाहीसे झाले.

गाडीत बसताना तिनं माझ्याकडून शपथ घेतली, रेखाला ह्यातलं काही सांगायचं नाही.

त्यानंतर सतरा दिवसांनी सकाळी साडेनऊला रेखाचा फोन आला. "मावशी... आत्याबाई उठंनात हो." ओट्यावर उन्हात मूग निवडायला बसली होती. निवडता निवडता भिंतीला मान टेकली. रेखाला वाटलं, डुलकी लागली. दोनदा जवळून गेली, तिसऱ्यांदा हाक मारली. मांडीवरचं सूप तसंच होतं, निम्मे मूग निवडलेले.

मी पोचले तेव्हा तिला आत निजवलं होतं. डोळे मिटलेले. माझ्या सुशीचे, बारीक.

सगळं उरकल्यावर रेखा मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "मावशी, रागावू नका. नांदेडच्या डॉक्टरनं तुम्हाला काही सांगितलं होतं का? आमच्यापासून लपवलं का?"

"न्हाई गं माय. कागद तुझ्याच घरात हायेत, बघ."

"कागद बघितले. पण नांदेडहून आल्यापासून त्या येगळ्याच झाल्या होत्या. भाकरी अर्धी खायच्या. कोणतं लुगडं कुणाला द्यायचं ते सांगून ठिवलं. महालक्ष्म्या कशा बांधायच्या, दोन्दा दोन्दा माझ्याकडून करून घेतलं. मी म्हणलं, अवो आत्याबाई, पुढच्या वरसाला अजून टाईम हाय. तर म्हणल्या, तुला येतंय का ते बघू दे."

मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

दहाव्याला फोटो लावला तो बावीस नंबरचा. सुशीनंच तो मनीषाकडून मागवून घेतला होता आणि रेखाला दाखवून ठेवला होता. आक्रसलेलं तोंड लोकांना हसल्यासारखं वाटतं. सुशीचे मालक, आमचे दाजी, म्हणाले, "कशी शांत बघून राहिलीय." सगळ्यांनी मान डोलावली. उजेड कुठला आणि ठिपका कुठला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अजून आलेलं नाही.

मनीषाला मी नंतर सगळं सांगितलं. ती म्हणाली, एकावर एक दोन फोटो पडले असतील, कधीकधी पडतात. मी विचारलं, पण दुसरा कुठला पडणार? बापूचा फोटो मी ह्या रोलवर काढलाच नव्हता. कॅमेऱ्यात दोष म्हणावा तर बाकीचे पस्तीस फोटो स्वच्छ आहेत. लॅबला विचारलं, जुन्या फोटोग्राफर मंडळींना निगेटिव्ह दाखवली. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं काकू, वयाचं होतं असं. उलगडा काही झाला नाही, आणि होईल असं आता वाटत नाही.

त्या डोळ्यांचं कोडं राहिलं तर राहू द्या, त्याच्याशिवाय मी जगू शकते. माझा जीव अडकलाय तो दुसरीकडं. डॉक्टर म्हणाले होते हृदय चांगलं आहे, आणि ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. फोटोही तिच्याशी काही बोलला नव्हता. तो तिला दाखवला मी. नांदेडच्या स्टँडवर मी पिशवीत हात घातला नसता, तर सुशी त्या दिवशी मूग निवडून उठली असती का?

तुमच्यापैकी कुणाला माहीत असलं तर... नको. लिहू नका मला.