अर्धा सांधलेला ताणा

कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड विणायला शिकवणारी आमच्या गावची शाळा बंद झाली, तिचं एका खोलीतलं संग्रहालय तेवढं उरलं. माझी बायको त्या शाळेत शिकवायची. ती गेल्यानंतर संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईनं मला शाळेचा इतिहास पाटीसाठी लिहून मागितला. ही बाई माझ्या बायकोचीच जुनी विद्यार्थिनी.

बायकोचा माग तिथंच आहे. शाळेत माग कधी पूर्ण रिकामा करत नसत. कापड उतरवलं तरी ताण्याची, म्हणजे लांबीच्या धाग्यांची टोकं फणीत अडकलेली ठेवायची. मग नव्या ताण्याचा एकेक धागा राख लावलेल्या बोटांनी जुन्या टोकाशी पिळायचा. याला सांधणी म्हणत. पहिल्या मुलींनी एकदा फणीत ओवलं, पुढच्यांनी फक्त सांधत नेलं. शाळा बंद झाल्याचं कळलं तेव्हा माझी बायको सांधणीलाच बसली होती. निम्मे धागे सांधलेले, निम्मे तसेच लोंबताहेत.

"सर, हे कापून टाकू का जी?" विद्यार्थिनीनं विचारलं. "पाहुणे म्हणतात, जाळे काहून नाई काढत? मी दुकानातलं चांगलं कापड लावून देतो."

"नको."

"मंग पाटीवर याचं काय लिहाचं? अर्धवट?"

पाटीचं नंतर लिहून देतो म्हणून मी निघालो. घरी दुपारी वाचत बसलो की आतल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज येतो. राख नाकात गेली की माझी बायको तशी खाकरायची. मी उठत नाही. उठलं की आवाज थांबतो.

पुढच्या खेपेला गेलो तर मागावर कात्री ठेवलेली. अजून चालवली नव्हती.

"उरलेलं तू सांधशील?" मी विचारलं.

"आता पोळ्या लाटाचे हात झाले सर. मोडून ठेवीन सारं."

तरी बसली. देवापुढच्या उदबत्तीची राख बोटांना लावली आणि डाव्या हातानं पीळ दिला. एरवी ती सगळं उजव्या हातानं करते.

"डाव्या हातानं का?" मी विचारलं.

"बाई डावखुऱ्या होत्या ना जी. आमी बाजूले बसून पाहत होतो, तसंच शिकलो. साऱ्या पोरी तशाच. साकोलीले मागावर कामाले गेलो त तिथला मास्तर हासे, म्हणे आल्या उलट्या पिळाच्या!"

तीही हसली. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो बाहेरच्या बाजूला सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. एवढ्या जवळून तसा सरकणारा अंगठा मी फक्त आमच्या घरी, बायकोचा पाहिला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तिनं धागा ओढून पाहिला. टिकला.

"कात्री ठेवून दे," मी म्हणालो.

"ठेवतो जी. पण सांधलं का मंग विणा लागते. थे कोण करन?"

आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ती पुढचं टोक शोधू लागली.