व्हॅनेडियमचे चार शेजारी

सरांनी फाईल माझ्या तोंडावर मारली. पत्र्याची क्लिप भुवईत घुसली. रक्त डोळ्यात ओघळलं.

"सवलतीवर आलेली पोरगी मला रसायन शिकवायलीय!" सर ओरडले. "तुझ्या सात पिढ्यांनी मेलेली ढोरं ओढली. तुला अणू दिसायलेत व्हय?"

परभणीतल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा. सर माझे पीएचडीचे गाईड. त्यांच्याच हाताखाली पीएचडी करणारे आणखी सहा जण समोर. सगळ्यांच्या माना खाली.

झालं होतं एवढंच. अॅल्युमिनाच्या भुकटीवर व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन आमी उत्प्रेरक बनवतो. त्या थरात अणू कसे बसलेत, हा माझा विषय. तिथं बारके स्फटिक हायत, असं सरांनी छापून टाकलेलं. कॉलेजच्या यंत्रावर ते कधी दिसलेच न्हाईत. म्हणून मी नमुने घेऊन परराज्यातल्या मोठ्या क्ष-किरण केंद्रावर गेले. तिथले किरण एकट्या व्हॅनेडियमलाच गाठतात. त्याच्या शेजारी कोण, किती, किती लांब, ते सांगतात. नमुना तापवून कोरडा केला. तीनदा मोजला. तीनदा तेच. प्रत्येक अणूभोवती चार ऑक्सिजन. स्फटिक असता तर पाच भरले असते. म्हणजे स्फटिक न्हाईतच. सरांचा शोधनिबंध खोटा पडला.

"चारचे पाच कर," सर म्हणले. "आत्ता. माझ्यासमोर."

"न्हाई करत."

त्यांनी माझं मनगट धरलं, पिरगाळलं, टेबलावर आपटलं. हातातली नमुन्याची काचेची बाटली तळव्यातच फुटली.

माझा बाप चुडाव्याला रेल्वेच्या रुळावर घण मारायचा. मुकादमानं लाथ घातली तरी "जी साहेब" म्हणायचा. ते "जी" माझ्याबी जिभेवर आलं. चार वर्षं मी सरांना तेच म्हणत आले होते. सरांच्या पोरीच्या लग्नात उष्ट्या पत्रावळ्या उचलतानाबी.

पण आज ते गिळलं. मी दोन्ही हातांनी सरांना ढकललं. ते कपाटावर आदळले. चष्मा पडला, फुटला.

"परत हात लावला तर मोडून ठेवीन," मी म्हणले.

मग रक्ताच्या हातानंच फाईलमधला आलेख उचलला आणि सहा जणांपुढं सगळे आकडे मोठ्यानं वाचले. एकानंबी मान वर केली न्हाई. तरी वाचले.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणले, "घरातली गोष्ट समजा. माफी मागा, मिटवून टाकू."

मी तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणला, "शिवीगाळ केली, एवढंच लिहू."

मी खुर्चीवरून उठले न्हाई. तळव्यातली काच टोचत होती. लय ताटकळवलं त्यांनी. सर जातीवरनं काय बोलले, ते शब्द न् शब्द कागदावर उतरलं, तवाच सही केली.

आता कॉलेजातनं निरोप यायलेत. तक्रार मागं घे, डिग्री घे.

न्हाई घेणार. अडवा डिग्री. हे आकडे मी माझ्या नावानं छापणार. आणि कोर्टात सरांच्या समोर उभी राहून, त्यांच्याच तोंडचे शब्द त्यांना मोठ्यानं ऐकवणार.