मॉडेल मोडायची रीत

वास्तुकलेच्या कॉलेजात एक रीत असते. ज्यूरी झाली, म्हणजे बाहेरून आलेल्या जाणकारांनी काम बघून मान हलवली, की मॉडेल मोडायचं. ठेवायला जागा नसते. उद्याची शहरं आखणाऱ्यांच्या इमारतीत साधा माळा नाही, याचं तिथं कुणाला नवल वाटत नाही. खालच्या वर्गातली मुलं पुठ्ठा वाटून नेतात आणि दहा मिनिटांत एखादं संग्रहालय नामशेष होतं.

मयुरी बोरसे हिने आपलं पहिलं मॉडेल मोडलं नाही. मांडीवर धरून सिटी बसने ते गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत घरी नेलं. वडील वाल्मिक पॉवरलूमवर बारा तासांच्या पाळीला, आई सुभद्राबाई गल्लीतल्या बायकांबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवते. आईने मॉडेलच्या मधल्या चौकात लसूण ठेवला. हवा चांगली खेळते, असा तिचा अभिप्राय. ज्यूरीने नेमकी हीच गोष्ट मान्य केली नव्हती.

तिसऱ्या वर्षी मयुरी स्वयंसेवकांची प्रमुख झाली, कारण दुसरं कुणी उभं राहिलं नाही. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आशिष, अडाजणसारख्या सुखवस्तू भागातल्या बँक अधिकाऱ्याचा मुलगा, माइक हातात आला की देखणा दिसणारा. अध्यक्षाने दृष्टी द्यायची आणि स्वयंसेवकांनी खुर्च्या उचलायच्या, अशी कामाची वाटणी होती. प्रमुखाला अधिकार एकच: प्रत्येकाचे स्वयंसेवेचे तास वहीत लिहून सही करायची. वर्षाला चाळीस तास भरल्याशिवाय कॉलेज टर्म मंजूर करत नाही. सक्तीच्या स्वयंसेवेला मराठीत वेठ असा जुना शब्द आहे, पण तो प्रमाणपत्रावर शोभत नाही.

त्या वर्षी मंडळाला 'समाजासाठी' काहीतरी बांधायचं होतं. मयुरीने आपली गल्ली सुचवली. मार्चपासून खोल्यांचे पत्रे असे तापतात की दुपारी बायका साड्या घेऊन बाहेर येतात आणि भिंतीच्या हातभर सावलीबरोबर सरकत काम करतात. बारा मुलांनी चार रविवार खपून बांबू, काथ्या आणि वडिलांच्या कारखान्यातलं डागी ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड वापरून गल्लीवर छत घातलं. चौदा बायका एका जागी बसू लागल्या.

"पानी पडस तवलोंग ऱ्हाई ना वं?" सुभद्राबाईंनी विचारलं. पावसाळ्यापर्यंत टिकलं तरी त्यांना पुरे होतं.

"ऱ्हाई. मन्हा शबद शे," मयुरी म्हणाली.

एप्रिलमध्ये ज्यूरी आली. अहमदाबादच्या एका पाहुण्यांनी बायकांना थोडं डावीकडे सरकून काम करायला सांगितलं, उजेड चांगला पडतो म्हणून. फोटो झाले, पारितोषिक मिळालं. मंचावर आशिष 'आम्ही' या शब्दावर विशेष जोर देऊन बोलला.

दुसऱ्या दिवशी मयुरी चलथाणला कामगार वसाहतीची मापं घ्यायला गेली होती. ग्रुपवर आशिषचा निरोप पडला, तो तिने मापं घेताना पाहिलाच नाही: ज्यूरी झाली, साइट रिकामी करायची, चार तास मिळतील. पहिल्या वर्षाची सहा मुलं गोडादऱ्याला पोचली. मुलं शिस्तीची. गाठी सोडल्या, कापडाच्या घड्या केल्या, गल्ली झाडूनही दिली. अंगात मयुरीसारखेच टी-शर्ट बघून सुभद्राबाईंना वाटलं, डागडुजीला आली असतील. त्यांनी सगळ्यांना चहा केला.

संध्याकाळी मयुरी घरी आली तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. "तुन्हा पोरे सावली ली ग्यात," एवढंच म्हणाली. शेजारच्या उज्ज्वलाकाकूंनी मात्र भीड राखली नाही. "फोटो काढाले बोलायेल व्हतं का आम्हले? तसं सांगती तर नव्या साड्या नेसतो."

सकाळी कॉलेजच्या फाटकावर मयुरीला तेच बांबू दिसले. वार्षिक महोत्सवाची कमान झाली होती. वर पाटी: समुदायाबरोबर, समुदायासाठी.

"मोडायला तुला कुणी सांगितलं?" तिने आशिषला गाठून विचारलं.

"अरे, ज्यूरी झाली ना," आशिष म्हणाला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. "मॉडेल तर मोडतातच. नियम आहे."

"ते मॉडेल नव्हतं. त्याच्याखाली माझी आई बसते."

"यार, तू पर्सनल घेतेस. साइट जशी होती तशी परत दिली. उलट साफ करून दिली."

प्रकरण मंडळावर देखरेख करणाऱ्या सरांकडे गेलं. सरांनी फाइल उघडून दाखवली. पारितोषिक 'तात्पुरत्या हस्तक्षेपा'साठी होतं, तेव्हा हस्तक्षेप संपणं क्रमप्राप्तच होतं. "भावना समजतात बेटा," ते म्हणाले आणि फाइल मिटली. भावना ठेवायलाही त्या इमारतीत जागा नसावी.

मयुरी वाद घालत बसली नाही. तिने वहीवर सह्या करणं थांबवलं. पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. आठवड्याने टर्मचे फॉर्म निघाले आणि दोनशे दहा मुलांना एकाएकी समाजकार्याची तळमळ लागली. अध्यक्षांचे स्वतःचे अडतीसच तास भरले होते.

"हे ब्लॅकमेल आहे," आशिष म्हणाला.

"नाही रे. साइट जशी होती तशी परत कर. तुझाच नियम आहे."

सरांनीही एकदा बोलावून नेतृत्वगुणांवर दहा मिनिटं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सही केली नाही.

रविवारी कमान उतरली आणि टेम्पोतून बांबू गोडादऱ्याला आले. तीच सहा मुलं होती, मान खाली घालून. आशिष शिडीवर चढून काथ्याची गाठ मारायला बघत होता. ती दर वेळी सुटत होती. चार रविवारांत तो शिडीवर एकदाही चढला नव्हता. मयुरी खाली वही घेऊन उभी राहिली. शिडी धरायला पुढे गेली नाही.

सुभद्राबाईंनी या खेपेला चुलीकडे पाहिलंही नाही. शेवटचा कोपरा बांधायचा बाकी असतानाच त्या साडीचं गाठोडं आणि टिकल्यांची डबी घेऊन छताखाली येऊन बसल्या. मग उज्ज्वलाकाकू, मग बाकीच्या. शिडीच्या भोवती साड्या पसरल्या गेल्या.

"मावशी, जरा सरकता? उतरायचंय," आशिष वरून म्हणाला.

सुभद्राबाईंनी टिकली जागेवर दाबून धरली. डिंक सुकेपर्यंत बोट काढायचं नसतं.

"पहिले गाठ पक्की मार, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग उतर."