सहावी तलवार

फोन वाजला तेव्हा मी निपाणीच्या घरी पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होतो. फोनवर गजाण्णाचं नाव दिसलं आणि, खरं सांगतो, मी तो वाजू दिला. तो पुन्हा विचारणार, ‘कवा येतोस रं शिवा?’ आणि मी पुन्हा गुडघ्याचं पुराण लावणार. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे त्याची मुलगी सुमन होती. ‘काका, आण्णा गेलं...’ पुढचं मला ऐकूच आलं नाही. तेलाची वाटी तेवढी नीट खाली ठेवल्याचं आठवतं. त्याला आता दीड महिना झाला.

आमची दोस्ती बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत जमली. तो शहापूरच्या विणकराचा मुलगा, मी तंबाखूच्या वखारीतल्या हमालाचा. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, आणि नशिबी आला तो इंग्रजांचा तलवारनाच! आमच्या ड्रिलच्या सरांनी तो लहानपणी एका गोऱ्या मास्तरांकडून उचलला होता. गॅदरिंगसाठी त्यांनी आम्हा सहा जणांना निवडलं. तलवारी म्हटल्यावर आम्ही हरखलो, पण सरांनी काढल्या त्या बिनधारेच्या लोखंडी पट्ट्या. ‘ह्यानं भाकरीबी तुटायची न्हाय,’ गजाण्णा माझ्या कानात पुटपुटला. लढाई तर त्यात नव्हतीच. सहा जणांनी गोल उभं राहायचं; उजव्या हातात आपल्या तलवारीची मूठ, डाव्या हातात शेजाऱ्याच्या तलवारीचं टोक. माझ्या तलवारीचं टोक गजाण्णाच्या हातात असायचं. एकदा कडं जुळलं की चांदणी होईपर्यंत कुणी हात सोडायचा नाही, हा एकच नियम. सर पेटीवर चाल धरायचे आणि आम्ही टाचा आपटत फिरायचो. कुणी तलवार उंच धरली की तिच्याखालून वाकून जायचं, खाली धरली की ओलांडायची. पाठी आत, तोंडं बाहेर, सगळ्यांचं पार कडबोळं व्हायचं आणि हात न सोडता ते पुन्हा सुटायचं. शेवटी जवळ येऊन सगळ्या पट्ट्या खाटेच्या विणीसारख्या एकमेकींत अडकवल्या की सहा टोकांची चांदणी तयार व्हायची. ना दोरी, ना खिळा, तरी एकानं ती डोक्यावर उचलली तरी सुटत नसे. मग ती आमच्यातल्याच एकाच्या गळ्यात घालायची, त्याच्याभोवती फिरायचं आणि सगळ्यांनी एकदम आपापली तलवार खेचायची. खण्ण! गडी मेला. मग दुसऱ्यानं वैद्य होऊन त्याला उठवायचं. मरायचं काम गजाण्णाकडे होतं, उठवायचं माझ्याकडे.

गॅदरिंगच्या दिवशी मात्र ऐन रंगात माझा घामेजलेला हात मुठीवरून सटकला. कडं तुटलं. माझी तलवार गजाण्णाच्या हातात लोंबकळतेय, सरांची पेटी बंद पडलीय आणि सगळा हॉल चिडीचूप! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात गजाण्णानं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला, डोळे फिरवले आणि चांदणीबिंदणी काही नसताना धाडकन आडवा झाला. हशा आणि टाळ्या. मी उठवायला वाकलो तर डोळे मिटूनच म्हणतो कसा, ‘हात का सोडलास रं? परत सोडू नगंस.’

पुढे मी बँकेत लागलो, गावोगाव बदल्या झाल्या. तो मागावर बसला. बाकीच्या चौघांपैकी दोघे वारले, दोघांचा पत्ता नाही. गेल्या वर्षी गजाण्णानं आपला हातमाग बंद केला. लोकांना वाटलं, आता हा खचणार. यानं मागाच्या फळ्या तासून सहा लाकडी तलवारी केल्या! सुमन, जावई आणि शेजारचं एक जोडपं, चौघांना धरून नाच शिकवायला लागला. ‘माझ्यासकट पाच झालो. तू ये फकस्त.’ निपाणीहून बेळगाव ते काय लांब? पण मी आधी गुडघा सांगितला, मग भाचीचं लग्न, मग दिवाळी. गुडघा दुखत होता, पण एवढा नाही. या वयात उड्या मारताना लोक हसतील, याची मला लाज वाटत होती. बायको गेल्यापासून मी घरात एकटा, दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही, आणि जो एकजण रोज बोलवत होता त्यालाच मी टाळत होतो. याला काय म्हणावं?

बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं, म्हणून परवा पुन्हा गेलो. सुमननं मागाच्या खोलीत नेलं. पाच तलवारी कोपऱ्यात उभ्या होत्या. सहावीची मूठ मागाच्या खांबाला सुतानं बांधलेली, टोक मोकळं.

‘ही तुमची,’ सुमन म्हणाली. ‘तुमच्या जागी खांब धरायचो. हिचं टोक आण्णांच्या हातात. पण खांब कुठं फिरतोय, काका? थोडं झालं की नाच अडायचा. आण्णा म्हणायचं, थांबा, शिवा आला की हितनं फुडं.’

‘रोज?’

‘रोज. मग च्या प्यायचा आणि उठायचं.’

ती चहा टाकायला आत गेली. मी सूत सोडलं. टोकाकडचं लाकूड त्याच्या हातानं गुळगुळीत, काळपट झालं होतं. मूठ धरून मी खांबापाशी उभा राहिलो, तलवार समोर केली. टोक धरायला पुढे कुणी नव्हतं. ‘आलोय रं,’ मी म्हणालो.

सुमन चहा घेऊन आली. ‘काका, बसा की,’ म्हणाली. कप घ्यायला मुठीवरचा उजवा हात मोकळा हवा होता... मला तो सोडवेना.