रांगेच्या शेवटची पिवळी टोपी

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी पळसदरीला बेबीताईच्या ओट्यावर बसून एक कट शिजवत होते. कट भाऊंविरुद्धच होता. मेळाव्याच्या रविवारी सगळ्यांचे कांदेपोहे कधी तयार ठेवायचे हे सांगायला आले होते, पण खरं काम बेबीताईचं तोंड बंद ठेवण्याचं होतं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. "आमी कशाला सांगतोय भाऊंना," असं ती पदरात हसत म्हणत होती, तेवढ्यात फोन वाजला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "वसू, हे गेले गं. चहा पिता पिता..." मी फोन खाली ठेवला तरी बेबीताई हसतच होती. तिला कसं सांगायचं ते मला सुचेना, आणि मला बोलायला न सुचणं ही आमच्या कर्जतमध्ये बातमीच असते.

भाऊ म्हणजे शैलावहिनींचे यजमान, आमचे शेजारी, औषधांच्या दुकानाचे मालक आणि आमच्या भागातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या हिवाळी मेळाव्याचे कुणी न नेमलेले सेनापती. शनिवारी खालापुरात एखादा हॉल घेऊन भाषणं, आणि रविवारी सकाळी पळसदरीच्या धरणामागे भटकंती. भाषणांची काळजी इतरांना, भटकंती भाऊंची. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या जॅकेटचा चालताना खरखर आवाज होतो, कोणत्या दोघांचं गेल्या वर्षी दुर्बिणीवरून वाजलं, हे सगळं लक्षात ठेवून ते तुकड्या पाडत. व्हरांड्यातल्या टेबलावर औषधांच्या रिकाम्या डब्या मांडून हा खेळ आठवडाभर चाले. एक डबी म्हणजे एक तुकडी. शेवटची डबी खोकल्याच्या औषधाची, ती माझी! मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. नवऱ्याच्या हट्टाखातर मी पहिल्या मेळाव्याला गेले, तो दुर्बीण घेऊन पुढे पळाला, आणि माझी बडबड कोणत्याच तुकडीला सोसेना म्हणून भाऊंनी मला रांगेच्या अगदी शेवटी, स्वतःजवळ ठेवून घेतलं. तिथून मी कधी हललेच नाही.

बाकीच्यांनी मातकट कपडेच घालायचे असा भाऊंचा दंडक होता, आणि स्वतःच्या डोक्यावर मात्र पिवळीजर्द टोपी. पुढच्याने मागे वळून पाहिलं की रांग कुठे संपते ते त्याला दिसलं पाहिजे. या टोपीला बघून पक्षी पळत नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आपण पोहोचेपर्यंत ते पळालेलेच असतात गं."

ते अगदी खरं होतं. बांधावरून एक पायवाट ओढ्याकडे उतरते, जेमतेम एका माणसापुरती. खाली बांबूचं बेट आहे आणि तिथे हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक येतो. काळं डोकं, पांढरं शुभ्र अंग आणि फितीसारखी दोन लांब पिसं मागे सोडलेली. भाऊंनी तो तरुणपणी एकदा पाहिला होता, त्यानंतर नाहीच. ते एकटे गेले तर हा नट दडी मारायचा, आणि मेळाव्याला पुढच्यांना मात्र दर्शन द्यायचा. "दिसला, दिसला" अशी कुजबुज एकेका माणसावरून घरंगळत आमच्यापर्यंत यायची. आम्ही पोहोचावं तर फांदी नुसती हलत असायची. भाऊ त्या फांदीकडे असे कौतुकाने बघत, की प्रयोग संपल्यावर पडद्यासाठी टाळ्या वाजवणारा हा एकच प्रेक्षक असावा असं मला वाटे. मग पोह्यांच्या वेळी बेबीताई विचारी, "काय भाऊ, यंदा तरी पाखरू गावलं का नाय?" आणि भाऊ तिच्याच बोलीत म्हणत, "नाय गं, फांदी गावली." दरवर्षी हाच प्रश्न, हेच उत्तर, आणि बेबीताई दरवर्षी नव्याने हसे.

एकदा तरी पुढे जा, असं मी त्यांना अनेकदा म्हटलं. ते म्हणत, "मग शेवटी कोण?" मागे पडलेल्या माणसाला आपण मागे पडलोय हे कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

यंदा मात्र त्यांना दम लागू लागला होता. दुकानाची पायरी चढतानाही ते कठड्याला धरून थांबत. पुढच्या वर्षी काही आपल्याला जमेलसं दिसत नाही, असं सहज बोलल्यासारखं बोलले, आणि मी मनाशी ठरवलं. ओढ्याकडची पायवाट मुद्दाम मागे टाकून सगळ्यांनी बांधावरून पुढे निघून जायचं. भाऊ पायवाटेच्या तोंडाशी आले की सगळ्यात पुढच्या निखिलने थांबायचं आणि सगळ्या रांगेने जागच्या जागी मागे फिरायचं. झालं! शेवटचे भाऊ पहिले. पायवाट इतकी अरुंद, की त्यांना कुणाला पुढे घालताच येणार नाही. एकेकाला फोन करून मी हे नाटक बसवलं.

आमची शेवटची भेट त्या व्हरांड्यातच झाली. भाऊ डब्या मांडत होते आणि मी हसू दाबत होते. "वसू, तू एवढी गप्प? काहीतरी शिजतंय," ते म्हणाले. ओठांवर आलं होतं... पण पडदा वेळेआधी उघडायचा नसतो, ही माझी सवय. आता वाटतं, उघडायला हवा होता. ते रागावले असते, शेवटी कोण असं विचारलं असतं, आणि मी म्हटलं असतं, शेवटी निखिल. निदान चहा पिताना मनातल्या मनात तरी ते एकदा सगळ्यांच्या पुढे चालले असते.

मेळावा झाला. वहिनींनी टोपी धुऊन पिशवीतून पाठवली होती. मी ती घातली आणि रांगेच्या शेवटी चालू लागले. ठरलेल्या नाटकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, पण मी पायवाटेच्या तोंडाशी आले आणि लांब पुढे निखिल थांबला. मी हाताने नको नको म्हणत राहिले. तो वळला, त्याच्यामागचा वळला, आणि बघता बघता सगळी रांग माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी उतरले. माझ्यापुढे कुणीच नव्हतं. बांबूची फांदी अजिबात हलत नव्हती, कारण तो तिच्यावर बसलेला होता. मी नकळत उजवीकडे सरकले... भाऊ नेहमी माझ्या डावीकडे असत. मग तो उडाला. मागच्याने खांद्यावरून वाकून विचारलं, काय होतं? मी म्हटलं, "फांदी."

परतताना मी कडेला उभी राहिले, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि मग निघाले. बेबीताईने टोपीकडे पाहिलं आणि काही न विचारता पोह्यांची बशी माझ्या हातात दिली.

ती टोपी आता माझ्या दारामागच्या खुंटीवर असते. धुतली तरी आतल्या पट्टीवरचा घामाचा डाग गेलेला नाही, आणि मी काही तो घालवणार नाही. पुढच्या हिवाळ्यात कुणी मला पुढे चला म्हणालं, तर काय म्हणायचं ते मला पाठ आहे.